अकरा ते पाच घरात कोण असतं?

पत्र असं आहे:

«आम्ही बडोद्यात कारेलीबागेत तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी बँकेत, हे मकरपुऱ्याला कारखान्यात. मुलगी नववीत आहे. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, आमच्याजवळच असतात. मुलीला कधीपासून मांजर हवंय. तिला ठिपक्यांचं बेंगाल आवडलंय. ह्यांना ॲबिसिनियन हवंय, कारण ते ओरडत नाही असं त्यांनी कुठेतरी वाचलं. दोन्ही जातींची मांजरं फार खेळकर असतात म्हणतात. घर शाकाहारी आहे, अंडंही येत नाही. दहीभात खाईल ना? सासूबाईंची हरकत नाही. कोणतं आणावं? – एक आई»

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटून दुसऱ्या वाक्याशी थांबले. सासूबाईंची हरकत नाही. हरकत नसणं आणि हवं असणं यांत कारेलीबाग ते मकरपुरा एवढं अंतर असतं, आणि मध्ये ट्रॅफिक. तुम्ही बँकेत, ते कारखान्यात, मुलगी शाळेत नि मग ट्यूशनला. म्हणजे सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या घरात मांजर आणि आजी, दोघंच. तुम्ही मुलीची आवड लिहिली, ह्यांची लिहिली. ज्यांना सगळ्यात जास्त वेळ त्या प्राण्याबरोबर काढायचाय त्यांच्या वाट्याला तीन शब्द.

तेव्हा ठिपके आणि आवाज जरा बाजूला ठेवू.

बेंगालबद्दल मी ऐकीव बोलत नाही. चार वर्षांपूर्वी भाचीचं बेंगाल माझ्याकडे दांडिया बाजारातल्या घरी अकरा दिवस होतं. ती लग्नाला नागपूरला गेली होती. दिसायला काय सांगू, उन्हात बसलं की अंगावर जर पसरल्यासारखी चमक. पहिल्या दिवशी त्याने न्हाणीघरातली बादली शोधली आणि दोन्ही पुढचे पाय आत घालून पाणी उपसायला लागलं. दुसऱ्या दिवशी नळ. चौथ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराची कडी, जी मला जोर लावून उघडावी लागते, ती त्याने लटकून उघडली. रात्री तीनला जो आवाज काढायचं तो म्याव नव्हे. समोरच्या काकूंनी विचारलं, घरी लहान बाळ आलंय का. आणि एवढं करून ते वाईट मांजर होतं का? मुळीच नाही. हुशार, प्रेमळ, माझ्या मागे मागे. फक्त त्याला दिवसभर काम हवं होतं आणि माझ्याकडे तेवढं काम नव्हतं. माझं घर जुनं, उंच छताचं, माळ्यांचं, मधोमध चौक असलेलं. तरी त्याला अपुरं पडलं. तुमचा फ्लॅट दोन बेडरूमचा असेल तर हिशेब करा.

हा स्वभाव कुठून आला तेही कळलं पाहिजे. बेंगाल ही माणसाने जुळवून आणलेली जात. कॅलिफोर्नियातल्या जीन मिल या बाईंनी १९६३ मध्ये आशियातल्या जंगली लेपर्ड कॅटचा पाळीव मांजराशी पहिला संकर केला, आणि पुढे १९८०च्या दशकात नेटाने ती जात घडवली. लेपर्ड कॅटचं शास्त्रीय नाव प्रायोनायलुरस बेंगालेन्सिस, त्यावरून बेंगाल. जंगली रक्तापासून चौथ्या पिढीपासून पुढचीच मांजरं घरात पाळण्याजोगी धरतात. त्याआधीच्या तीन पिढ्या म्हणजे भित्री, शी-शूचा ट्रे न जुमानणारी, घरभर लघवीच्या खुणा करत फिरणारी जनावरं. ती सांभाळणं पैदास करणाऱ्यांचं काम, आपलं नव्हे. तुम्हाला कोणी फोनवर «एकदम जंगलवाला ब्लड छे, बेन» असं सांगायला लागलं तर फोन ठेवून द्या. लेपर्ड कॅट आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात, १९७२च्या, पहिल्या परिशिष्टात आहे. म्हणजे वाघाच्या पंगतीला.

गंमत म्हणजे या अमेरिकन जातीला आपलं मीठ लागलेलं आहे. जीन मिल १९८२ मध्ये दिल्लीला आल्या होत्या, तेव्हा तिथल्या प्राणीसंग्रहालयात गेंड्याच्या आवारात राहणारं एक भटकं, नारिंगी, ठिपक्यांचं मांजर त्यांच्या नजरेस पडलं. ते त्यांनी नेलं आणि पैदाशीत वापरलं. बेंगालच्या अंगावरची जी चमक, ती त्या दिल्लीवाल्याची देणगी मानतात. पोरीला हे सांगा. तिला आवडेल, आणि पुढे मी जे म्हणणार आहे त्याला थोडा हातभारही लागेल.

आता ॲबिसिनियन. नावावरून इथियोपियाचं वाटतं. १८६८च्या ॲबिसिनियाच्या मोहिमेहून परतलेल्या इंग्रजांनी झुला नावाची मांजरी बरोबर आणली, अशी गोष्ट सांगतात. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या १८७१च्या मांजरांच्या प्रदर्शनात ही जात होती हे मात्र नोंदलेलं आहे. पण हॉलंडमध्ये लायडनच्या संग्रहालयात १८३०च्या दशकात घेतलेलं, पेंढा भरलेलं याच वळणाचं एक मांजर आहे आणि त्याच्या चिठ्ठीवर मूळ देश म्हणून भारत लिहिलंय. अलीकडचे जनुकांचे अभ्याससुद्धा हिंदी महासागराच्या किनाऱ्याकडेच बोट दाखवतात. म्हणजे तुमच्या घरात वाद चाललाय त्या दोघांचीही एकेक नाळ इकडेच पुरलेली आहे.

तीन ते पाच किलोचं, सडपातळ, मोठ्या कानांचं, सशाच्या रंगाचं. एकेका केसावर गडद-फिकट पट्टे, त्यामुळे ठिपके नसूनही अंग एकरंगी दिसत नाही. माझ्या पुण्याच्या मैत्रिणीकडे दोन होती, त्यांच्या सहवासात मी खूप दुपारी काढल्या. ह्यांनी वाचलं ते बरोबर आहे, आवाज बारीक असतो, पक्ष्याने कुठेतरी चिवचिव केल्यासारखा. पण ओरडत नाही म्हणजे शांत असतं असं समजू नका. ॲबिसिनियन मांडीवर बसत नाही, ते मुकादमासारखं उभं राहून देखरेख करतं. तुम्ही कणीक मळताय, ते ओट्यावर. कपाट उघडलंत, ते आत. बाथरूमचं दार लावलंत तर बाहेर फेऱ्या. कपाटाच्या वर, पडद्याच्या दांडीवर, फ्रिजवर, उंच जागा सगळी त्याची. आणि माणूस नसलं की उदास होतं, खाणं कमी करतं, अंग चाटून चाटून केस काढतं.

फरक मी असा सांगेन की बेंगाल घराकडून मागतं आणि ॲबिसिनियन माणसांकडून. बेंगालला जागा हवी, पाणी हवं, चढायला झाडासारखं काही हवं, सोडवायला कोडी हवीत. ॲबिसिनियनला साक्षीदार हवा. तुमच्याकडे जागा कमी आणि दुपारी माणूस एकच, चौऱ्याहत्तर वर्षांचं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बेंगाल नको. सहा किलोचं जनावर कपाटावरून उडी टाकून पायात येतं आणि आजी काठी घेऊन संडासकडे निघालेल्या असतात, हे चित्र मला नको वाटतं. या वयातलं पडणं म्हणजे खुब्याचं हाड.

ॲबिसिनियन चालेल. पण आजींना खरंच हवं असेल तर, आणि एकटं नको, दोन आणा. एकाच वेताची भावंडं. दोन म्हटल्यावर तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. ट्रे एक जास्त, खाणं दुप्पट, डॉक्टर दुप्पट. पण चपळ जातीचं एकटं पिल्लू दिवसभर आजींच्या पदराशी झोंबेल, दोन असली की ती एकमेकांशी झोंबतील आणि आजी झोपाळ्यावरून बघतील. सहा तासांच्या रिकामपणावर याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

झोपाळा म्हटला म्हणून आठवलं. तुमच्याकडे हिंचका असणारच, बडोद्यात कोणाकडे नसतो? पिल्लं हलत्या पाटाखाली धावतात, कडीच्या साखळीत पंजा घालतात. पिल्लं लहान असेपर्यंत, म्हणजे पहिले चार-पाच महिने, हिंचका बांधून ठेवावा लागेल. आजींना आधी हे विचारा. माझा अंदाज आहे, मांजराला असलेली त्यांची खरी हरकत या प्रश्नावर कळेल.

दहीभाताचं. नाही खाणार, आणि खाल्ला तरी देऊ नका. मांजर हा सक्तीने मांसाहारी प्राणी आहे, हौसेने नाही. गाजरातून आपण अ जीवनसत्त्व तयार करतो, मांजराच्या शरीराला ते जमत नाही. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच घ्यावा लागतो. तो कमी पडला तर डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय फुगून निकामी होतं. १९८७ मध्ये अमेरिकेत हृदयाचं हे उघड झालं तेव्हा आजारी पडलेली मांजरं काही उपाशी नव्हती, दुकानातलं चांगलं खाणं खात होती. त्यात टॉरिन पुरेसं नव्हतं इतकंच. त्यानंतर कंपन्यांनी प्रमाण वाढवलं. दूध तर बहुतेक मोठ्या मांजरांना पचतही नाही, जुलाब होतात. सिनेमातल्या मांजराच्या बशीतलं दूध तिथेच राहू द्या.

शाकाहारी घरात मांजर राहू शकत नाही का? राहतं. माझ्या ओळखीच्या दोन कडक सोवळ्याच्या घरांत राहतंय. कच्चं मांस आणायची गरज नाही, पाकिटातलं कोरडं खाणं आणि अधूनमधून पाऊचमधलं ओलं. त्याची जागा बाल्कनीजवळ, भांडी वेगळी, धुवायची घासणी वेगळी. पण त्या पाकिटात कोंबडी आणि मासळी आहे हे आजींना पॅकेट दाखवून सांगा. कोरडे दाणे दिसायला फरसाणासारखे असतात, म्हणून «काही नाही, बिस्किटं आहेत» असं सांगून मोकळं होण्याचा मोह होतो. एक दिवस त्यांची नात पाकिटावरचं मोठ्याने वाचेल.

देवघराचंही बघून घ्या. फुलवाती आणि दोरा हे मांजराचं खेळणं आहे, आणि इथे मला थोडं सविस्तर सांगायचंय, कारण आपण बडोद्यात राहतो. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात. दोरा एकदा जिभेवर गेला की थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात पुढे सरकत राहतं, आणि आतडं नाडी ओढलेल्या परकराच्या नेफ्यासारखं गोळा होतं. दोऱ्याने ते चिरतंसुद्धा. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, कापायचाही नाही, तसंच उचलून डॉक्टरकडे जायचं. साध्या शिवणाच्या दोऱ्याचं हे. उत्तरायणातला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचा, दोरा काच पाजलेला असतो. चौदा आणि पंधरा जानेवारीला आपल्या प्रत्येक अगाशीवर, बाल्कनीत, झाडावर, तारांवर तो असतो, आणि पुढे महिनाभर वाऱ्याबरोबर खाली येत राहतो. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत पतंग येऊन अडकला की चपळ जातीचं मांजर तो पकडायला झेपावणारच. त्याला खाली तीन मजले आहेत हे त्या क्षणी दिसत नाही.

म्हणून बाल्कनी आणि खिडक्या आधी, मांजर नंतर. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी चालत नाही, ॲबिसिनियन तिच्यावर चढतं आणि दातांनी धागे तोडतं. स्टीलच्या तारेची, चौकटीत घट्ट बसवलेली हवी. आणि काही झालं तरी उत्तरायणाच्या आधी पिल्लं आणू नका. वासी उत्तरायण, म्हणजे पंधरा जानेवारी, उलटू दे, वार्षिक परीक्षा उलटू दे. मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना आणा, म्हणजे पहिले चार-पाच आठवडे मुलगी दिवसभर घरी असेल. उन्हाचं म्हणाल तर दोन्ही जाती आखूड केसांच्या, पंखा आणि तीन-चार ठिकाणी माठातलं पाणी एवढ्यावर बडोद्याचा मे काढतात.

पिल्लं बारा आठवड्यांची होण्याआधी घेऊ नका, कोणी कितीही गळ घातली तरी. आई आणि शक्य असेल तर बाप डोळ्यांनी बघा. बेंगाल म्हणून साधी ठिपक्यांची देशी पिल्लं विकण्याचा धंदा जोरात आहे; ॲबिसिनियनमध्ये फसवणूक कमी, कारण मुळात ती मिळतातच फार कमी, कदाचित दुसऱ्या शहरातून आणावी लागतील आणि वाट बघावी लागेल. या जातीत तीन गोष्टी विचारायच्या: पायरुवेट कायनेजच्या कमतरतेची जनुक-चाचणी (त्याने रक्तक्षय होतो), डोळ्यांचा पडदा हळूहळू जाणाऱ्या आजाराची जनुक-चाचणी, आणि घराण्यात कोणाला मूत्रपिंडाचा त्रास होता का. डोळ्यांच्या आजारावरून एक सांगते. २००७ मध्ये मांजराचा जनुकनकाशा पहिल्यांदा प्रसिद्ध झाला तो एका ॲबिसिनियन मांजरीचा, नाव सिनॅमन. मिसूरी विद्यापीठात याच आजाराच्या अभ्यासासाठी जो कळप ठेवला होता त्यातली ती. चाचण्या कागदावर दाखवता येत नसतील तर पिल्लू कितीही गोड असो, उठून या. हिरड्याही नाजूक असतात, दात घासायची सवय पिल्लूपणीच लावा. हसू नका, लागते.

लसी डॉक्टर सांगतील. आठव्या आठवड्यापासून सुरू होतात, रेबीजची साधारण बाराव्या आठवड्यापासून. नसबंदी पाच-सहा महिन्यांत. फरशीला पांढरं फिनाईल वापरत असाल तर बंद करा, मांजर पाय चाटतं आणि ते विष पोटात जातं. आणि आजींच्या डब्यातली पॅरासिटॅमॉल: एक गोळी मांजराला मारू शकते. खाली सांडली तर शोधून काढायची.

मुलीसाठी एक गृहपाठ. उद्यापासून पंधरा दिवस सकाळी सहाला पंधरा मिनिटं आणि रात्री आठला पंधरा मिनिटं, काठीला पीस बांधून ते घरभर पळवायचं. मांजराशिवाय. लपवायचं, थांबवायचं, सोफ्यामागून काढायचं, शेवटी एका जागी पडू द्यायचं, जणू शिकार मेली. मांजराचा खेळ असाच असतो, दबा, पाठलाग, झडप, चावा आणि मग जेवण. म्हणून खेळ संपला की लगेच वाटी द्यायची, लेझरचा ठिपका नुसता भिंतीवर नाचवून त्याला वेडं करायचं नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला त्यांच्या अंगात येतं, त्यामुळे वेळा बदलून चालणार नाही. पंधरापैकी बारा दिवस तिने हे केलं तर मी तिच्या बाजूने. चौथ्या दिवशी पीस सोफ्याखाली सापडलं तर तुम्हाला उत्तर मिळालं, आणि एकही पैसा न खर्चता. मुलगी चार वर्षांनी सयाजीराव विद्यापीठात जाईल नाहीतर पुण्याला. मांजर चौदा-पंधरा वर्षं जगतं.

आजींना मांजर चालेल पण ॲबिसिनियन नको म्हणाल्या, किंवा ते मिळालंच नाही, तर? दोन देशी पिल्लं. ह्यात कमीपणा मानू नका. आपल्या हवेत घडलेली, तुलनेने शांत, आणि कारेलीबागेत कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या जिन्याखाली दर पावसाळ्याच्या आधी दोन-तीन जन्मतातच. ठिपक्यांचा हट्टच असेल तर ठिपक्यांचं शोधा. गेंड्याच्या आवारातलं ते मांजर कुठल्या जातीचं होतं ते पोरीला विचारा.

आजी हिंचक्याबद्दल काय म्हणाल्या ते कळवा. आणि एक राहिलं, मुलीला काय हवं, ह्यांना काय हवं, सगळं लिहिलंत, पण ट्रे रोज दोनदा कोण साफ करणार ते कुठेच लिहिलं नाहीत. तुमचं अक्षर बघता मला शंका आहे की ते तुम्हाला माहीत आहे.